सरीसृप-मानव घडवताना आधी ऊन बघा, खवले नंतर

फँटसी रोल-प्लेइंग गेममधला सरडामाणूस बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघालेला असतो. दलदलीत राहतो, हातात भाला, गळ्यात हाडांची माळ, बोलताना ‘स्स्स’. खवले खरवडून काढले तर आत एक चिडका माणूसच सापडतो. ही जमात खेळाला काही नवी नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ १९७४ साली आला आणि १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत लिझर्ड मॅन, म्हणजे हाच सरडामाणूस, हजर होता. २००८च्या चौथ्या आवृत्तीत तर ड्रॅगनच्या रूपाचे ड्रॅगनबॉर्न थेट खेळाडूंच्या मुख्य पुस्तकात आले. तरीही घरोघरच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सत्रं चालणाऱ्या सलग खेळात, हा प्राणी अजून ‘हिरवा ऑर्क’, म्हणजे ठोकायला ठेवलेला रानटी शत्रू, म्हणूनच वावरतो.

नव्याने डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) झालेल्यांसाठी आणि स्वतःचं जग रचायला बसलेल्यांसाठी हा लेख आहे. पद्धत साधी आहे. देव, शस्त्रं, पोशाख, कातडीचा रंग हे सगळं शेवटी ठेवायचं. आधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची: हा जीव सकाळी उठल्यावर ऊब कुठून आणतो, आणि त्याची पिल्लं जगतात कशी? या दोन उत्तरांतून घर, गाव, युद्ध, भांडणं, सणवार बरंचसं आपोआप सुटतं. कागद-पेन्सिल घ्या आणि सोबत एक जमात घडवत चला.

पायरी १: एकच प्राणी निवडा

शाळेच्या पुस्तकात ‘सरपटणारे प्राणी’ असा एकच धडा असतो, पण ती मंडळी एकमेकांपासून फार लांबची आहेत. मगरीचे आज हयात असलेले सगळ्यात जवळचे नातलग पक्षी आहेत, पाली-सरडे नव्हेत. मगरीच्या हृदयाला पक्ष्यांसारखेच चार कप्पे असतात. साप-सरड्यांच्या हृदयाला तीन. घरातली पाल शेपूट टाकून पळते, मगरीला ते जमत नाही. सरड्याला पापण्या असतात, सापाला नसतात, आणि घरातल्या पालीलाही नसतात, म्हणून ती जिभेने डोळे पुसते.

नवखा माणूस इथे यादी करत सुटतो: शॅमेलिऑनची जीभ, पालीचे भिंतीला चिकटणारे पाय, नागाचं विष, मगरीचा जबडा. ही भेळ पहिल्या सत्रात चटकदार लागते, पण तिसऱ्या सत्रात खेळाडू विचारतो, ‘यांचं लहान मूल काय खातं?’ आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. एकच खरा प्राणी पायाला धरलात तर उत्तर शोधायला जागा असते. दुसऱ्या प्राण्याकडून फार तर एक गोष्ट उसनी घ्या, त्याहून जास्त नको.

कोणता निवडावा? वेगवान, भटकी, शिकारी जमात हवी असेल तर घोरपड. बहुतेक सरडे पळताना अंग डावी-उजवीकडे वळवतात, त्यामुळे पळता पळता त्यांना नीट श्वास घेता येत नाही. घोरपडीच्या कुळातले प्राणी गळ्याचा भाता करून हवा आत ढकलतात आणि जास्त वेळ पळू शकतात. संथ, दीर्घायुषी, थंड हवेतली जमात हवी असेल तर न्यूझीलंडचा, सरड्यासारखा दिसणारा टुआटारा. तिथल्या इन्व्हरकार्गिलच्या संग्रहालयातला हेन्री नावाचा टुआटारा २००९ साली, वयाच्या १११व्या वर्षाच्या सुमारास बाप झाला. एल्फांना (फँटसीतल्या दीर्घायुषी वंशाला) म्हातारपणाचा तोरा मिरवू द्यायचा नसेल तर त्यांच्या शेजारी असा एखादा वंश बसवून द्या.

या लेखापुरती आपण मगर घेऊ. कारण सोपं आहे: ती आपल्याकडे बघायला मिळते. महाडला सावित्रीत, चिपळूणला वाशिष्ठीत, सांगलीकडे कृष्णेच्या काठी हिवाळ्यात मगरी उन्हाला पडलेल्या दिसतात. सुरक्षित अंतरावरून तासभर बघत बसलात तर कुठल्याही नियमपुस्तकाहून जास्त शिकाल. तासाभरात बहुधा काहीच घडणार नाही, आणि शिकण्यासारखं तेच आहे.

आपल्या जमातीला शेजारची माणसं ‘डोहकर’ म्हणतात. ते स्वतःला काय म्हणतात ते पुढे बघू.

पायरी २: ऊब कुठून येते ते ठरवा

‘थंड रक्ताचे’ हा शब्द दिशाभूल करतो. उन्हात तापलेल्या सरड्याचं रक्त तुमच्याइतकंच गरम असू शकतं. फरक इतकाच की तो ऊब स्वतःच्या शरीरात तयार करत नाही, बाहेरून घेतो. आपण जे खातो त्यातला मोठा भाग शरीर गरम ठेवण्यातच जळतो. सारख्या वजनाच्या सस्तन प्राण्याला लागतं त्याच्या साधारण दहावा हिस्सा अन्नात सरपटणाऱ्या प्राण्याचं भागतं. मोठी मगर महिनोन् महिने न खाता राहू शकते.

आता हे गावाला लावून बघा. शंभर डोहकरांना दहा माणसांचं धान्य पुरतं, धान्य कसलं, मासळी. म्हणजे शेती नाही, किंवा नावापुरती. कोठारं लहान. वेढा घालून यांना उपाशी मारायचा बेत करणारा सेनापती मूर्ख ठरतो, कारण आधी त्याचंच सैन्य उपाशी मरतं. व्यापारी त्यांना अन्न विकायला गेला तर हात हलवत परत येतो. मग ते विकत काय घेतात? सरपण, कोळसा, भाजलेल्या विटा, रात्रभर ऊब धरून ठेवणारा दगड.

उलट बाजूही तितकीच खरी. मगर झेप घेते ती भयंकर वेगाने, पण ती ताकद क्षणांची असते. झटापट लांबली की स्नायूंत आम्ल साठतं आणि मोठ्या मगरीला त्यातून सावरायला तासन् तास लागतात. म्हणून डोहकरांची फौज दिवसाला दहा कोस चालत नाही. ती नदीतून वाहत येते, दबा धरते, एकदाच तुटून पडते. पहिल्या झटक्यात काम झालं नाही तर माघार. खेळाडूंना हे कळलं की त्यांच्या लढण्याला लगेच डोकं येतं: पहिले दोन राउंड (लढाईच्या फेऱ्या) जीव वाचवायचा, तिसऱ्यापासून वरचढ व्हायचं.

इथे एक चूक जवळपास सगळे करतात. बर्फाळ प्रदेशातल्या सरडामाणसाला जाडजूड फरचा कोट घालतात. जो जीव स्वतः उष्णता तयार करत नाही त्याला घोंगडीत गुंडाळलं तर आतली थंडीच टिकते. उन्हात घोंगडी घातली तर ऊनही आत येत नाही. डोहकर थंडीत प्रवासाला निघतो तेव्हा आधी चुलीत दगड तापवतो, तो पोटाशी धरतो आणि मग वरून घोंगडी घेतो. घोंगडी दगडाची ऊब राखते. वाटेतल्या धर्मशाळेत तो जेवण मागत नाही, दगड बदलून मागतो. कोपऱ्यात असा दगड कुशीत घेऊन बसलेला प्रवासी खेळाडूंना दाखवा. जमात काय आहे हे समजावत बसायची गरज उरत नाही.

घराचंही तसंच. मगर काठावर लांब बिळं खणते आणि फार ऊन किंवा फार थंडी असली की आत जाऊन पडते, कारण जमिनीच्या पोटात तापमान फारसं हलत नाही. म्हणून डोहकरांचं गाव वरून बघितलं तर दिसतच नाही. दिसतो फक्त घाट: पूर्वेला तोंड केलेल्या काळ्या फरशांच्या पायऱ्या. खरी मालमत्ता ती. कुणाच्या फरशीवर किती वाजता ऊन येतं यावर सोयरिका जुळतात. शेजाऱ्याने वड लावला आणि त्याची सावली आपल्या फरशीवर आली, एवढ्यावरून तीन पिढ्यांचं वैर चालू असतं. आजारी माणसाला सगळ्यात गरम फरशी मिळते, आणि ही काही नुसती दया नव्हे: जंतुसंसर्ग झालेले सरडे मुद्दाम जास्त गरम जागी जाऊन बसतात, आपल्याला ताप यावा तसा ते ताप बाहेरून आणतात. जो सरदार दुखणेकऱ्यांच्या फरशा बळकावतो तो तुमचा खलनायक. त्याला काळी जादू शिकवायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट अतिशय कामाची आहे. मोठं शरीर हळू तापतं आणि हळू थंड होतं. सूर्य मावळल्यावर लहान डोहकर लवकर सुस्तावतात, पण अवाढव्य म्हातारे मध्यरात्रीपर्यंत तरतरीत असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बऱ्याच जाती वयात आल्यावरही हळूहळू वाढत राहतात, म्हणजे जितकं वय तितका आकार. दोन्ही एकत्र ठेवा: रात्रीची पंचायत फक्त ज्येष्ठांची, कारण बाकीच्यांना जागंच राहता येत नाही. सगळे महत्त्वाचे निर्णय रात्री होतात. तरुणांनी बंड करायचं ठरवलं तर त्यांना काय लागेल? आग. गावात चोरून भट्टी पेटवणारी पोरं आणि ती विझवायला फिरणारे म्हातारे, एवढ्यावर अख्खं कॅम्पेन निघतं.

खेळाडू पहिल्यांदा या गावात शिरतात तेव्हा डीएमने वाचून दाखवायचा उतारा काहीसा असा होईल:

‘कार्तिकातली पहाट. नदीवर धुकं आहे. घाटाच्या पायऱ्यांवर पुरात वाहून आलेले ओंडके पडावेत तसे वीस-पंचवीस देह पडलेत, सगळ्यांच्या कुशी पूर्वेला. तुमच्या पायांचा आवाज होतो, पण कुणी मान वळवत नाही. सगळ्यात वरच्या फरशीवर एक म्हातारी आहे, इतरांच्या दीडपट. फक्त तिचा डोळा तुमच्यामागे फिरतो. ती सावकाश जबडा उघडते, तो तसाच उघडा ठेवते. बराच वेळ जातो. मग घशातून आवाज येतो: किरण दिसत नाही. थांगा.’

उन्हात पडलेली मगर तोंड उघडं ठेवून बसते. शरीर फार तापू नये म्हणून ती तसं करते असं मानलं जातं. खेळाडूंना मात्र तो हल्ल्याचा पवित्रा वाटेल. कुणीतरी तलवार उपसेल. उपसू द्या.

शरीरात ऊब तयार करणारी जमातच हवी असेल तर तीही चालेल, त्यालाही निसर्गात आधार आहे. दक्षिण अमेरिकेतला काळा-पांढरा टेगू नावाचा सरडा विणीच्या हंगामात स्वतःचं शरीर भोवतालापेक्षा दहा अंशांपर्यंत जास्त गरम ठेवू शकतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने ‘तापलेली’ जमात. त्या महिन्यांत त्यांची भूक किती वाढेल, आणि शेजारच्या गावांनी कॅलेंडरवर ते महिने लाल शाईने का रंगवले असतील, ते तुम्ही लिहा.

पायरी ३: अंडी आणि पिल्लं

मगर कोरड्या ऋतूत काठच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी घालते, एका वेळी पंचवीस-तीस. पिल्लं पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर येतात. बाहेर यायच्या आधी ती अंड्यातूनच आवाज करतात. तो ऐकून आई घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ज्या दातांनी हरणाचं हाड मोडतं त्याच दातांत वीतभर पिल्लू. नव्या डीएमला एकच दृश्य न्यायचं असेल तर हे न्यावं. डोहकरांच्या भाषेत ‘तुला दातांत धरीन’ हे मायेचं वाक्य असतं, आणि माणसांच्या सैनिकाला ते धमकी वाटतं.

मगरीचा नर किंवा मादी गुणसूत्रांवर ठरत नाही. अंडं कोणत्या तापमानाला उबलं यावर ठरतं. भारतीय मगरीच्या अंड्यांवरच्या प्रयोगांत ३२.५ अंश सेल्सिअसच्या आसपास नर निघाले. ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या, आणि वर सरकलं की पुन्हा माद्या दिसू लागतात. एक-दीड अंशाचा खेळ. विचार करणाऱ्या समाजाला हे कळणारच. मग उबवणीची जागा सांभाळणारी मंडळी पुजाऱ्यांपेक्षा मोठी होतात. युद्धाच्या काळात राजा त्यांच्याकडे येऊन काय मागतो? उन्हाळा कडक गेला तर पंधरा वर्षांनी लग्नाच्या वयाचा समाज कसा दिसतो? जगात ड्रॅगनने हवामान बिघडवलं असेल तर त्याचा पहिला फटका या जमातीला बसतो, आणि तोही एक पिढी उशिराने. राजकारण आयतं मिळतं.

एका घरट्यातली बहुतेक पिल्लं खऱ्या मगरींतही जगत नाहीत. डोहकर पिल्लांना पहिला पावसाळा काढेपर्यंत नाव ठेवत नाहीत असं मी धरतो. तुम्ही वेगळं धरा, पण काहीतरी धरा. पंचवीस मुलांचा शोक करणारी आई आणि दोन मुलांची आई यांचा ‘मूल’ या गोष्टीकडे बघण्याचा कल सारखा असणार नाही. बापाचंही ठरवा. चंबळमधला घडियाल (लांब, निमुळत्या तोंडाची मगर) नर शेकडो पिल्लांचा घोळका राखत बसलेला दिसतो, त्यातली पिल्लं अनेक माद्यांची असतात. एकाच राखणदार बापाभोवती वाढलेली पाळणाघरासारखी पिढी, हा रक्ताच्या नात्याहून घट्ट धागा होऊ शकतो.

चित्र काढणाऱ्या मित्राला एक निरोप द्या: अंडी घालणारे, दूध न पाजणारे जीव आहेत, मादीच्या चिलखताला छातीचे उभार नकोत. ड्रॅगनबॉर्न आले तेव्हापासून या मुद्द्यावर खेळाडू वाद घालत आलेत. नर-मादी वेगळे दाखवायचेच असतील तर आकारावरून दाखवा, किंवा घडियाल नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा येतो तसं काही.

पायरी ४: शेपूट, तोंड, वास

इथे भराभर जाऊ. शेपूट असेल तर पाठ असलेली खुर्ची चालणार नाही, माणसांचं खोगीर चालणार नाही, अरुंद वळणाचा जिना अडचणीचा. मगरीला घास चावून बारीक करता येत नाही. ती तोडते आणि गिळते. म्हणून गप्पा मारत जेवणं हा प्रकार नाही. जेवण महिन्यातून एक-दोनदा, शांतपणे, आणि त्यानंतर दोन दिवस उन्हात पडून राहणं. माणसं दिवसातून तीनदा खातात हे त्यांना आपल्याला अखंड सुपारी चघळणारा माणूस वाटावा तसं वाटतं.

जीभ लपलपवणं सापाचं आणि घोरपडीचं लक्षण. दुभंगलेल्या जिभेची दोन टोकं हवेतले कण टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे नेतात आणि वास डावीकडून आला की उजवीकडून हे कळतं. मगरीची जीभ तळाला चिकटलेली असते, ती बाहेर काढताच येत नाही. तिच्याकडे वेगळी गंमत आहे: जबड्यावर बारीक काळे ठिपके असतात, आणि पाण्यातली बारीकशी हालचालही त्यांना जाणवते. म्हणजे डोहकर अंधाऱ्या पाण्यात ‘बघू’ शकतो, कोरड्या गुहेत नाही. ‘डार्कव्हिजन’ (अंधारात दिसण्याची शक्ती) असं लिहून मोकळं होण्यापेक्षा हे बरं.

पायरी ५: बोलणं

मगरीला हलणारे ओठ नाहीत. आता बाराखडी काढा. प, फ, ब, भ, म ही सगळी अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. व लाही ओठ लागतात. उ, ऊ, ओ साठी ओठांचा चंबू करावा लागतो. हे सगळं डोहकरांच्या भाषेतून गळतं. उरतं काय? कंठातून निघणारे क, ख, ग, घ, टाळूचे, दातांचे, र आणि ह. त्यांच्या तोंडी ‘मीठ’चं ‘नीठ’ होतं, ‘बाजार’चा ‘गाजार’, आणि घाटावरची म्हातारी ‘थांबा’ऐवजी ‘थांगा’ म्हणते. डीएमला टेबलावर आवाज काढायलाही हे सोपं: ओठ किंचित उघडे ठेवा आणि मिटू देऊ नका. दोन वाक्यांत खेळाडूंना फरक ऐकू येतो, आणि ‘स्स्स’ करत घसा कोरडा पडत नाही.

नावं याच चाळणीतून काढा: तघ्रा, किर्ख, गहान, आरत. जमातीचं स्वतःचं नाव ‘तघ्रा’. ‘डोहकर’ मधला पहिलाच स्वर त्यांना म्हणता येत नाही, म्हणजे माणसांनी ठेवलेलं नाव त्यांना उच्चारताच येत नाही, ही शेजारधर्माची स्थिती. एक सूचना: ‘खर्रा’ हे नाव नियमात चपखल बसतं, पण टेबलावर नागपूरचा एकही खेळाडू असेल तर ठेवू नका. पुढचं अर्धं सत्र सुपारी-तंबाखूवरच जाईल.

अमेरिकेतले ॲलिगेटर नर विणीच्या हंगामात इतक्या खालच्या पट्टीत घुमतात की त्यातला काही भाग माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, पण पाठीवरचं पाणी थुईथुई नाचतं. तघ्रांचं गाणं माणसाला अर्धंच ऐकू येतं. उरलेलं छातीत जाणवतं आणि पेल्यातलं पाणी थरथरतं. तुमच्या बार्डला (गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पात्राला) यावर चेक करायला, म्हणजे फासा टाकून कौशल्य आजमावायला लावा.

पायरी ६: एक जमात, दोन गावं

‘सगळे तघ्रा धूर्त असतात’ असं एकही वाक्य वहीत लिहू नका. प्राण्यांतसुद्धा तसं नसतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक देखणा सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडतो. २०१६ साली त्याला ‘सरडा सुपर्बा’ असं शास्त्रीय नाव मिळालं, म्हणजे आपला मराठी ‘सरडा’ थेट जगाच्या यादीत गेला. त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी बरेच कमी झाले होते. त्यामुळे सरडे वाढले, त्यांची भीती कमी झाली, माणसाला ते अगदी जवळ येऊ देऊ लागले, अंगात ताणाचं संप्रेरक कमी. पण गर्दीमुळे खाणं वाटलं गेलं, ते हडकुळे झाले, आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले.

जात एक, पठार एक, फक्त डोक्यावरच्या घारी कमी झाल्या. वागणं, शरीर, नटणं सगळं बदललं. हे जसंच्या तसं उचला. वरच्या अंगाला तघ्रांचं एक गाव, जिथे वायव्हर्न (ड्रॅगनसारखे उडते शिकारी) घिरट्या घालतात: तिथली माणसं धष्टपुष्ट, रंगीत, संशयी. खालच्या अंगाला दुसरं, जिथे कुणा जादूगाराने मनोरा बांधल्यापासून वायव्हर्न येत नाहीत: तिथे गर्दी, बारीक अंगं, फिके रंग, पाहुण्याला सहज जवळ येऊ देणारी माणसं. खेळाडूंनी तो मनोरा पाडला तर? चांगलं काम केलं की वाईट, हे तुम्हालाही लगेच सांगता येणार नाही, आणि असे पेच मुद्दाम रचावे लागतात.

बुद्धीबद्दल: २०१३ साली संशोधकांनी नोंदवलं की मगरी आणि ॲलिगेटर, बगळे घरटी बांधण्याच्या दिवसांत, नाकावर काटक्या घेऊन पाण्यात निपचित पडतात. काटकी न्यायला बगळा आला की झडप. मगरींमधलं हे निरीक्षण चेन्नईजवळच्या क्रोकोडाइल बँकेतलं. तेव्हा सरडामाणसाला ‘बुद्धी उणे दोन’ देणाऱ्या नियमांकडे दुर्लक्ष करा. यांची हुशारी वाट बघण्याची हुशारी आहे. तघ्रांचा हेर तीन वर्षं एका पुलाखाली राहतो, आणि त्याला त्यात विशेष काही वाटत नाही.

राजकारणासाठी आपल्याकडचा सगळ्यात मोठा नमुना महाभारताच्या आदिपर्वात आहे. तिथले नाग नुसते राक्षस नाहीत. खांडववन जळतं तेव्हा तक्षकाचं घर जातं. पुढे तोच तक्षक परीक्षिताला दंश करतो. त्याचा सूड म्हणून जनमेजय सर्पसत्र मांडतो. आणि ते थांबवतो आस्तिक, ज्याची आई नाग आणि बाप ऋषी. उलूपी अर्जुनाशी लग्न करते. दोन्ही बाजूंना तक्रार आहे, दोन्ही बाजूंना नाती आहेत. रचना घ्या, पात्रं घेऊ नका. नाग आपल्याकडे पुजला जातो, बत्तीस शिराळ्याला नागपंचमी काय असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेषाला हिट पॉइंट (मार सोसण्याच्या ताकदीचा आकडा) देऊन टेबलावर उभा केलात तर कुणाचं तरी मन दुखणारच, आणि त्याचं बरोबर असेल. त्याच न्यायाने, सरडामाणसांना एखाद्या खऱ्या आदिवासी समाजाचे दागिने, नाच आणि बोलीचा हेल चिकटवू नका. ‘जंगली’ दाखवायला आयतं सामान म्हणून ते वापरायची सवय या खेळात जुनी आहे आणि वाईट आहे.

पायरी ७: आता नियम

इतका वेळ आपल्या जमातीच्या नियमांचा एकही आकडा आला नाही, ते मुद्दाम. आता वरच्या प्रत्येक गोष्टीला विचारा: यातून खेळाडूला निवड करावी लागते का? लागत नसेल तर ते वर्णनात ठेवा, नियमात नको. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीवर खेळत असाल तर २०१६च्या अधिकृत लिझर्डफोकचं (सरडामाणसाचं) नैसर्गिक चिलखत, म्हणजे १३ अधिक डेक्स्टरिटी (चपळाई), आणि पंधरा मिनिटं श्वास रोखणं हे तसंच उचलायला हरकत नाही. बाकीचं असं:

सकाळचं ऊन. लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) तासभर ऊन किंवा शेकोटी मिळाली तर प्रोफिशिएन्सी बोनसच्या (पात्राच्या पातळीबरोबर वाढणाऱ्या आकड्याच्या) दुप्पट टेम्पररी, म्हणजे तात्पुरते, हिट पॉइंट. नाही मिळाली तर दिवसाच्या पहिल्या लढाईत इनिशिएटिव्हला (आधी कुणाची पाळी हे ठरवणाऱ्या फाशाला) डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोनदा फासा टाकून कमी आलेला आकडा धरायचा, बस. थंडीत सगळ्याच रोलला डिसॲडव्हांटेज देण्याचा मोह टाळा. तो खेळाडू दुसऱ्या सत्रात कॅरेक्टर बदलून मागेल. शिक्षा लहान ठेवा, पण ती टाळण्यासाठी काहीतरी करावं लागू द्या. मग तोच खेळाडू मुक्काम ठरवताना भांडेल: ‘दरीत नको, टेकडीवर चला.’

झडप. दर शॉर्ट रेस्टमागे (छोट्या विश्रांतीमागे) एकदा, आपल्या टर्नला (पाळीला) वेग दुप्पट आणि पहिल्या फटक्याला जास्तीचा एक डी-सहा (सहा बाजूंचा फासा). पुढच्या टर्नला वेग निम्मा.

थोडं खाणं. दहा दिवसांतून एक शिधा पुरतो. प्रवासाचे नियम काटेकोर खेळणाऱ्या टेबलावर हे फार बळकट आहे, तेव्हा त्याबरोबर तापवायच्या दगडाचं वजन आणि सरपणाचा खर्च जोडा. शिध्याचा हिशेब कुणी ठेवतच नसेल तर ही ओळ खोडून टाका.

जबड्याची जाणीव. पाण्यात असताना तीस फुटांपर्यंतची हालचाल अंधारातही कळते. जमिनीवर काही नाही.

ॲबिलिटी स्कोअरचे (ताकद, बुद्धी अशा गुणांच्या आकड्यांचे) ठरावीक बोनस वंशाला चिकटवू नका. २०२४च्या नियमपुस्तकाने तर ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ म्हणायला सुरुवात केली आणि हे बोनस पात्राच्या पार्श्वभूमीकडे दिले. आपल्या टेबलावरही तेच सोयीचं पडतं: नदीवर वाढलेला तघ्रा आणि शहरात कोळशाच्या वखारीत वाढलेला तघ्रा वेगळे निघतात.

पायरी ८: टेबलावर आणा

पंधरा पानांचा इतिहास लिहून खेळाडूंना पाठवू नका. कुणी वाचत नाही. एक तघ्रा आणा, तोही शत्रू म्हणून नको आणि राजा म्हणून नको. नावाडी चालेल. त्याला एक गरज द्या: त्याचा दगड थंड पडलाय आणि बोट पैलतीरी न्यायची आहे. खेळाडूंपैकी कुणी आग पेटवायला पुढे झालं तर ठीक. नाही झालं तर बोट अर्ध्या प्रवाहात हळू होऊ लागते, नावाड्याची वाक्यं तुटक होतात, वल्हं थांबतं. त्या दहा मिनिटांत ते जे शिकतील ते पत्रकातून शिकणार नाहीत.

सत्र संपल्यावर खेळाडूंनी काय प्रश्न विचारले ते वहीत उतरवून ठेवा. ‘हे किती डॅमेज करतात?’ एवढाच प्रश्न आला असेल तर पायरी २ पुन्हा उघडा. ‘रात्री याला कुणी मारलं तर?’, ‘याची बायको कुठंय?’, ‘आपण याला भट्टी बांधून दिली तर?’ असले प्रश्न आले असतील तर पुढच्या सत्राआधी नकाशावर उबवणीची जागा, तिची वाट आणि तिथली राखणदार नक्की करून ठेवा. कुणीतरी तिथे शिरणारच आहे.